सोयरिकीचा ग्लास

ज्ञानोबानं ते वाक्य नेहमीप्रमाणे शाळेच्या खोलीत म्हटलं असतं, तर बाकांवर बसलेल्या माणसांनी हात जोडून त्याला नमस्कार केला असता. दर आठवड्याला तो ते म्हणतच होता. पण लेकीची सुपारी फुटली त्या दिवशी, खव्याच्या भट्टीमागच्या लिंबाखाली, कळंबच्या पाव्हण्यांसमोर तो ते म्हणाला.

घरात पुरणाचा स्वयंपाक चालला होता. मागं लिंबाखाली वेगळी सोय होती, आणि ती ज्ञानोबाच्या मेहुण्यानं, रणधीरनं परस्पर केली होती. सतरंजी, खारे शेंगदाणे, चिरलेला कांदा, पिशवीत गुंडाळलेल्या बाटल्या. "दाजी, तुमी तिकडं फिरकू नका. मी बघतो," असं त्यानं सकाळीच बजावलं होतं. ज्ञानोबालाही तेच हवं होतं. पण मुलाचे वडील विश्वंभर तात्या सतरंजीवर बसले आणि इकडंतिकडं बघून म्हणाले, "इवाई कुठं हायेत? पोरीच्या बापाबिगर बसायची रीत न्हाय आमच्यात."

मग बोलावणं आलं आणि ज्ञानोबाला जावं लागलं.

तात्यांनी स्वतः ग्लास भरून पुढं केला. ज्ञानोबानं हात जोडले. "तुमचं चालू द्या. मी घेत न्हाय."

"माळ हाय का गळ्यात?"

"न्हाय."

"उपास?"

"न्हाय."

"मग शुगर आसंल. आमच्या थोरल्याला बी डॉक्टरनं बंद केलीय." तात्यांनी स्वतःच उत्तर शोधून दिलं. समोर बसलेल्या रणधीरनं मान हलवून खुणावलं, म्हणा, शुगर म्हणा.

एका शब्दाचं काम होतं. पण शाळेच्या त्या खोलीत, दारू सोडलेल्यांच्या बैठकीत, ज्ञानोबाला एक गोष्ट पुनःपुन्हा सांगितली गेली होती. दारुड्याचा पहिला ग्लास तोंडाला लागायच्या आधी एक खोटं तोंडातून निघतं. लपवलं की माणूस परत गेला. तिथं बसलेल्या प्रत्येकाचं तसंच झालं होतं, त्यामुळं ज्ञानोबाला ते पटलेलं होतं. त्यानं मांडीवर हात ठेवले, खोलीत ठेवायचा तसे, आणि म्हणाला, "माझं नाव ज्ञानोबा. मी दारुडा आहे. मागल्या पोळ्यापासून बंद आहे."

आणि सवयीनं तो थांबला. खोलीत या जागी सगळे मिळून ‘नमस्कार ज्ञानोबा’ म्हणत.

लिंबाखाली कुणी नमस्कार म्हणालं नाही. तात्यांचा कुणी भाऊबंद फिसकन हसला आणि दुसरं कुणी हसत नाही हे बघून गप्प झाला.

"पोळ्यापासून म्हंजे?" तात्यांनी विचारलं. "कशी काय बंद झाली?"

ज्ञानोबानं तेही सांगितलं. हात थरथरून कढईतला खवा करपायला लागला, रात्री भिंतीवर माणसं दिसायला लागली, बायकोनं, तारामतीनं, आणि रणधीरनं जीपमध्ये घालून बार्शीकडच्या व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन टाकलं, तिथं पहिले दिवस कॉटला बांधून ठेवलं. गावात मात्र पोटाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं. खोलीत सांगायचा तसं त्यानं सगळं सांगितलं, काही न वगळता.

पाव्हणे जेवले. पुरणपोळीला नावं ठेवली नाहीत. जाताना तात्या म्हणाले, "तारखेचं कळवतो." गाडीत बसताना मुलानं, कुलदीपनं, हर्षालीकडं बघितलं नाही. ती दारात उभी होती आणि तिला त्यातलं काही माहीत नव्हतं.

*

स्थळ हातचं जाणं हर्षालीला नवं नव्हतं. पहिलं स्थळ परंड्याचं आलं होतं, तेव्हा ज्ञानोबा अंगणातच आडवा पडलेला होता आणि पाव्हणे त्याला ओलांडून घरात आले. दुसरं स्थळ बघायला आलं तेव्हा तो शुद्धीत होता. पण त्या लोकांनी भूमच्या स्टँडवरच्या हॉटेलात चौकशी केली आणि परत फोन केला नाही. हर्षालीनं फार्मसीचा डिप्लोमा केला होता. भूममध्ये एका मेडिकलच्या काउंटरवर ती उभी राहायची आणि तिच्याबरोबरच्या मुलींची पोरं आता बालवाडीत जात होती.

कुलदीपचं स्थळ रणधीरनं आणलं. कळंबच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, बापलेकांची आडत होती. मुलगा शांत होता, बोलताना समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायचा. सुपारीच्या आधीपासूनच दोघं फोनवर बोलत. हर्षाली जिन्यावर बसून हळू आवाजात हसायची, तेव्हा तारामती मुद्दाम स्वयंपाकघरातला रेडिओ लावायची, पोरीला मोकळं बोलता यावं म्हणून. त्या घरात बऱ्याच वर्षांनी कुणी हसत होतं.

पाव्हणे गेल्यापासून फोन बंद झाला. रेडिओही.

रणधीर आला तेव्हा ज्ञानोबा भट्टीवर होता. कढईतलं दूध आटून घट्ट व्हायला आलं होतं. या वेळी हात थांबवून चालत नाही. उलथणं सतत तळातून फिरवावं लागतं, नाहीतर खवा खाली धरतो. त्यामुळं ज्ञानोबानं मेहुण्याकडं पाठ करूनच सगळं ऐकलं.

"दाजी, एक इचारू का? पीत व्हता तवा एवढं वाटोळं केलं न्हाई तुमी, जेवढं बंद करून केलं."

ज्ञानोबा ढवळत राहिला.

"शुगर म्हणायला काय झालतं? मी इथून खुणावतोय, नंदीबैलावानी मान हलवतोय. तात्यांनी बी तोंडात शब्द दिला तुमच्या."

"खोटं बोलायचं न्हाय आसं ठरलंय आमचं."

"कुणाचं? त्या खोलीतल्या महालिंगप्पाचं? त्याच्या घरात हाय का कुणी लग्नाचं?" रणधीर फळकुटावर बसला. आवाज खाली आणून बोलू लागला. "ऐका. मी कालच्याला कळंबला जाऊन आलो. तात्या वाईट माणूस न्हाय. त्यो म्हणतो, घेणारा सोयरा चालतो आमाला, आमी बी घेतो. पण ज्याला बांधून ठिवावं लागतं त्यो आजार हाय. डोक्याचा आजार. रक्तात आसतो. उद्या नातवंडात उतरला तर? भावकीत आत्ताच कुजबूज सुरू झालीय, येड्याच्या घरची पोरगी करताय म्हणून."

"मग?"

"मग म्या सांगितलं, दाजींनी गंमत केली. त्यांना सवय हाय आशी. पोट बिघडलं व्हतं म्हणून त्या दिवशी घेतली न्हाई, अन् वरून तुमची फिरकी घेतली." तो पुढं सरकला. "तात्या हसलं. म्हणलं, आसं आसंल तर येऊ द्या त्यांना एकदा. भावकीसमोर बसू द्या. एक ग्लास घ्यावा, जेवावं, हसावं, बोलावं. चार माणसांनी बघितलं की ह्यो बी आपल्यासारखाच हाय, का मिटलं. लगेच तारीख काढतो."

ज्ञानोबाचा हात फिरत होता. "रणधीर, मला एक घेऊन थांबता येत न्हाय. तुला ठावं हाय. तूच नेलंतंस मला जीपमधी."

"एकच. मी बाजूला बसतो. दुसरा कुणी भरला तर हात धरतो. बास?"

तेवढ्यात हर्षाली चहा घेऊन आली. ती किती वेळ पत्र्याआड उभी होती, कोण जाणे. तिनं मामाच्या हातात कप दिला. वडिलांचा कप विटेवर ठेवला आणि तिथंच उभी राहिली.

"अण्णा," ती म्हणाली, "कुलदीपचा मेसेज आला सकाळी. त्याचं काही म्हणणं नाही. पण वडिलांपुढं तो बोलणार नाही."

"बाय, मला..."

"मी मेडिकलमध्ये असते, अण्णा. तुमच्या गोळ्या मीच आणून देत होते. एका ग्लासानं काय होतं, मला कुणी सांगायला नको." तिचा आवाज चढला नव्हता. गिऱ्हाइकाला औषध कधी घ्यायचं ते सांगावं, तशी ती बोलत होती. "इतकी वर्षं तुम्ही घेतली, ती तुमच्यासाठी घेतली. आता एक माझ्यासाठी घ्या."

ज्ञानोबानं मागं वळून तिच्याकडं बघितलं. ती बघत होती तेवढा वेळ तो बघत राहिला. मग ती गेली.

खवा धरल्याचा वास आधी रणधीरला आला. "आवं दाजी, कढई!" तोवर तळ करपून काळा झाला होता. पोळ्यापासून पहिल्यांदा खवा लागला होता.

घरातून तारामती धावत आली. तिच्या हाताला कणीक तशीच होती. या वासाचा एकच अर्थ तिला माहीत होता. तिनं कढईकडं बघितलंच नाही. सरळ नवऱ्यापाशी येऊन, भावासमोर, त्याची हनुवटी धरून तोंडाचा वास घेतला. काही नाही हे कळल्यावर ती भट्टीच्या कट्ट्यावर बसली आणि कणकेच्या हातांनी तोंड झाकून रडली.

कळंबला जावं की जाऊ नये, याबद्दल तारामती एक शब्द बोलली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. दुसऱ्या दिवशी ज्ञानोबाला त्याचा पांढरा शर्ट आणि पायजमा इस्त्री करून खाटेवर ठेवलेला दिसला.

*

महालिंगप्पा एसटीत कंडक्टर होते. नोकरीत असताना ते गाडीतच प्यायचे आणि परंड्याच्या रस्त्यावर सगळ्यांनी त्यांना केव्हा ना केव्हा पडलेलं पाहिलं होतं. आता बरीच वर्षं बंद होती. शाळेची ती खोली त्यांनीच मिळवलेली, कंदील-मेणबत्तीपासून सतरंजीपर्यंत सगळं तेच बघत. ज्ञानोबा केंद्रातून सुटून आला तेव्हा अप्पाच घरी येऊन म्हणाले होते, "आयुष्यभराचं सोड. आज घ्यायची न्हाय, एवढंच बघ. उद्याचं उद्या बघू." त्या एका वाक्यावर ज्ञानोबा पोळ्यापासून इथवर आला होता.

ज्ञानोबानं त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. अप्पा दाराशी खुर्ची टाकून बसले होते. ऐकताना त्यांनी चष्मा काढून हातात धरला, तो शेवटपर्यंत परत घातला नाही.

"मी काय सांगू, ज्ञानोबा?" ते म्हणाले. "नको घेऊ म्हणलं, तर पोरीचं लग्न म्या मोडलं. घे म्हणलं, तर तुला म्या मारलं."

"तुमी सांगितलं ते केलं मी, अप्पा. खरं बोललो."

"व्हय." अप्पांनी मान खाली घातली. "खोलीत बोलायला आमी शिकवलं. भाईर कुठं गप बसायचं, ते शिकवलं न्हाय. शिकवायला पायजे व्हतं. मला बायकापोरं न्हाय राहिली, मला काय ठावं सोयरीक म्हंजे काय आसती."

आतून अप्पांची म्हातारी बहीण सखूबाई पाणी घेऊन आली. तिनं दोघांच्या तोंडाकडं बघितलं आणि तांब्या ठेवून परत गेली.

"पहिलाच ग्लास वाईट आसतो," ज्ञानोबा म्हणाला. "तुमीच म्हणता."

"मी न्हाय म्हणत. माझं आतडं म्हणतं."

"पर आसं कुणी आसंल का अप्पा, ज्यानं एक घेतला अन् थांबला? आपल्यातला?"

अप्पांनी त्याच्याकडं बघितलं. खोटं बोलायची संधी आता त्यांच्यापुढं होती आणि ज्ञानोबा ती त्यांनी घ्यावी म्हणून थांबला होता. "मी बघितला न्हाय," अप्पा म्हणाले.

मग तेच म्हणाले, "मी येतो तुझ्यासंगं कळंबला. बाजूला बसतो."

"तुमाला सगळी वळखतात, अप्पा. तुमी दिसलात का त्यांना कळंल मी गंमत केली न्हवती."

हे खरं होतं. अप्पा हसले, पण हसू लगेच विरलं. ज्ञानोबा उठला तेव्हा त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. रोज ढवळून त्या हाताला घट्टे पडले होते, आणि तो हात अजिबात कापत नव्हता.

"फोन कर," अप्पा म्हणाले. "घेतल्यावर बी कर. लाजू नको."

*

आडतीच्या दुकानामागं गोदामाचं अंगण होतं. पोत्यांच्या थप्प्या, मधोमध मोठा वजनकाटा, एका बाजूला पत्र्याची सावली. दुपारी मोंढा उठल्यावर सगळे तिथं जमले. तात्या, त्यांचे भाऊ, चुलत भाऊ, सुपारीच्या दिवशी फिसकन हसलेला तो भाऊबंद. कुलदीप मटणाची भांडी आणून ठेवत होता. त्यानं वाकून ज्ञानोबाच्या पायाला हात लावला आणि डोळ्याला डोळा न भिडवता बाजूला झाला.

"या, या, गमत्या इवाई!" तात्यांनी उठून ज्ञानोबाला जवळ बसवलं. "आमची बरी फिरकी घेतली तुमी. बायका अजून बोलतात घरी."

"दाजींचं आसंच हाय," रणधीर म्हणाला. "माझ्या लग्नात माझीच चप्पल विहिरीत टाकली व्हती."

सगळे हसले. ज्ञानोबाही हसला. हसणं जमलं, हे त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"मग ते मुंग्याबिंग्या भिंतीवर दिसतात, बांधून ठिवतात, ते बी खोटंच का?" भाऊबंदानं विचारलं.

"मुंग्या न्हाय, माणसं," ज्ञानोबाच्या तोंडून निघालं. मग तो सावरला. "टीव्हीवर बघितलं व्हतं."

"बघा, बघा! डोकं चालतं माणसाचं."

तात्यांनी आधी ज्ञानोबाचा ग्लास भरला. पाणी घातलं. सगळ्यांचे ग्लास भरून होईस्तोवर ज्ञानोबासमोरचा ग्लास तसाच होता आणि कुणी उघडपणे त्याच्याकडं बघत नव्हतं, पण बोलणं मंदावलं होतं. पोत्यांवर चिमण्या दाणे टिपत होत्या. ज्ञानोबाला वाटलं, आत्ता उठावं. उठून चालत स्टँडवर जावं, भूमची गाडी धरावी. घरी गेल्यावर हर्षाली दारात असेल. ती काही म्हणणार नाही. ती दुसऱ्या दिवशी काउंटरवर जाईल, त्याच्या पुढच्या दिवशी जाईल, आणि घरात कुणी हसणार नाही. तो ढवळत राहील, हात कापणार नाही, आणि ती तो हात रोज बघेल.

त्यानं ग्लास उचलला.

वास तोच होता. तोंडाला लागायच्या आधीच तोंडाला पाणी सुटलं, आणि त्यानं ते गिळलं. मग त्यानं घोट घेतला. घशातून पोटात एक ऊब उतरत गेली आणि पोटात जाऊन बसली, बाहेरगावी गेलेलं घरचं माणूस परत यावं, तशी. ग्लास त्यानं घाईनं प्यायला नाही. सोयऱ्यांमध्ये प्यावं तसा, मध्ये शेंगदाणे खात, मध्ये बोलत, संपवला. रिकामा ग्लास त्यानं सतरंजीवर नीट ठेवला.

"हात बघा," तात्या भावकीला म्हणाले. "दगडासारखा हाय. म्हणं दारुडा!"

हशा उठला. कुणीतरी ज्ञानोबाच्या पाठीवर थाप मारली. रणधीरनं डोळे मिटून मोठा श्वास सोडला.

"बास," तात्या म्हणाले. "आता जेवायचं. दुपारच्याला जास्ती नको, तारखेचं बोलायचंय." त्यांनी बाटलीला झाकण लावलं, उठून वजनकाट्यामागच्या फळीवर, रिकाम्या पोत्यांच्या चळतीआड ठेवली आणि परत येऊन बसले.

पत्रिका निघाल्या. वैशाखातली तारीख निघाली. मांडव कुणाच्या दारात, बँड कुठला, वऱ्हाडाला गाड्या किती, यावर भावकी तावातावानं बोलू लागली. रणधीर ताट बाजूला सारून उभा राहिला आणि फोन लावला. "ताई, जमलं! व्हय, व्हय. दाजी? दाजी एकदम ठीक हायेत. एकच. व्हय, एकच. शपथ. दे पोरीला."

 फोनमधून हर्षाली हसली. जिन्यावर बसून हसायची तसं.

"दाजी, बोला पोरीसंगं," रणधीरनं फोन पुढं केला.

"अण्णा?" हर्षाली म्हणाली. मग हळू आवाजात, "या लवकर घरी."

"येतो," ज्ञानोबा म्हणाला. फोन त्यानं परत दिला.

खिशातला त्याचा स्वतःचा फोन वाजत होता. कुणाचा ते त्याला न बघता कळलं. तो वाजून थांबला, परत वाजला. तात्या त्याच्याकडं वळून विचारत होते, "मग इवाई, पाव्हण्यांच्या उतरायची सोय शाळंत करायची का देवळात?"

"शाळंत करू," ज्ञानोबा म्हणाला. "खोली हाय तिथं एक." मग तो हात धुवायला म्हणून उठला. नळ दुकानाच्या बाजूला, उजव्या हाताला होता. तो डावीकडं वजनकाट्याच्या दिशेनं चालू लागला. त्याचा हात धरणारा रणधीर तारामतीला मांडवाचं सांगण्यात गुंतला होता.